सहा माणसं, आबांची पेटी आणि चवथीचं सामान: ताईच्या घरची गाडी कशी ठरली

ताईच्या घरी सहा माणसं. भावोजी, ताई, तेरा वर्षांचा भाचा, सात वर्षांची भाची, ताईच्या सासूबाई (त्यांना घरात सगळेच आई म्हणतात) आणि आबा. घर फोंड्याजवळ कवळ्याच्या बाजूला, मेन रोडपासून आत वाड्यात. गाडी होती एक छोटी हॅचबॅक, अकरा वर्षं झालेली, तशी धडधाकट. पण चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी म्हणजे वाळपईच्या पुढे जायचं तर दरवर्षी दोन फेऱ्या. भावोजी पहाटे आबा, मुलं आणि अर्धं सामान सोडून यायचे आणि मग परत ताई, आई आणि उरलेलं सामान. तरी पण ते चाललं होतं, कोणी तक्रार केली नाही.

खरं कारण घडलं २०२४ च्या सुरुवातीला. आईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन बेळगावला झालं, आणि डिस्चार्ज मिळाल्यावर त्यांना चोर्ला घाटाच्या रस्त्याने घरी आणायचं होतं. गाडीत भावोजी, ताई, मी आणि आई. डिकीत दोन बॅगा आणि हॉस्पिटलचं बाकी सामान, त्यामुळे वॉकर तिथे मावेना, तो मागच्या सीटवर माझ्या आणि आईंच्या मधे उभा धरून बसलो. पुढची सीट शेवटपर्यंत सरकवली तरी आईंना पाय लांब करता येईना. जांबोटी सोडल्यावर प्रत्येक वळणाला त्या दारावरचं हँडल घट्ट धरायच्या, एक शब्द बोलल्या नाहीत, पण कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा गाडीतून उतरायला त्यांना चार-पाच मिनिटं लागली आणि भावोजी तिथेच म्हणाले, "चवथीच्या आधी गाडी बदलायची. तू बघ रे जरा सगळं."

म्हणून पुढचे पाच महिने हे काम माझ्याकडे होतं. पूर्ण लिहून ठेवतोय कारण आपल्याकडे गाडी घेताना मायलेज, सनरूफ, स्क्रीन केवढी यावर तासभर बोलणं होतं आणि डिकी मात्र सेल्समन एकदा उघडून दाखवतो, आपण "हां मोठी आहे" म्हणतो, संपलं. माझं म्हणणं एकच आहे. सगळी माणसं आपापल्या जागी बसल्यावर मागे काय उरतं ते बघा, रिकाम्या गाडीची डिकी बघून काही कळत नाही.

ताईने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून काढलं की गाडी वर्षभर नक्की काय काय करणार. रोज शाळा आणि भावोजींचं पणजीचं ऑफिस, एक किंवा तीन माणसं. महिन्यातून दोनदा दिवाडी बेटावर नणंदेकडे, फेरीबोटीतून. आईंची बेळगावची तपासणी, सुरुवातीला दर दीड महिन्याने. श्रावणात आबा वास्कोला दामोदर भजनी सप्ताहाला जातात, त्यांची भजनी पार्टी आहे, पेटी (हार्मोनियम) आबांची स्वतःची, त्यामुळे पेटी सोबत. भावोजींचे धाकटे भाऊ वर्षातून एकदा दुबईहून मोपा विमानतळावर उतरतात, दोन भल्यामोठ्या सूटकेस घेऊन. आणि चवथ, सहाही माणसं, पाच दिवसांचं सामान, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीचं) अर्धं सामान फोंड्याच्या बाजारातून घेतलेलं, शिवाय पेटी.

ही यादी बघितली की लगेच दिसतं की सहा माणसं आणि सामान एकत्र असा प्रसंग वर्षातून पाच-सहा वेळाच येतो. यावर भावोजींचं म्हणणं होतं की मग त्या पाच-सहा दिवसांसाठी मोठी गाडी का पोसायची, पाच सीटरची एसयूव्ही घेऊ, चवथीला टॅक्सी करू. त्यांचं चुकीचं नव्हतं, हिशोबाने बघितलं तर बरोबरच होतं. पण आईंचं गुडघ्याचं प्रकरण वर्षातून पाच दिवसांचं नाही ना. टॅक्सीवाला दार उघडून दहा मिनिटं थांबेलच असं नाही, आणि आईंना दर वेळी वेगळ्या उंचीच्या गाडीत चढायला लावायचं हे ताईला अजिबात मान्य नव्हतं. मला तिचं पटलं.

मी स्वतः सुरुवातीला सेडानच्या बाजूने होतो. कारण आकडे. होंडा सिटीची डिकी ५०६ लिटर, क्रेटाची ४३३. आणि सात सीटर एर्टिगाची सगळ्या सीटा उभ्या असताना २०९. कागदावर सेडान मोठी. पण हे लिटर कसे मोजतात ते वाचलं आणि माझं मत बदलायला लागलं. एक लिटरचे ठोकळे असतात, २० सेंटीमीटर लांब, १० रुंद, ५ जाड, असे ठोकळे डिकीत रचतात आणि जेवढे मावतील तेवढे लिटर. आता विटेपेक्षा लहान ठोकळा कोपऱ्यात, चाकाच्या फुगवट्यावर, कुठेही शिरतो. आपली ट्रॉली बॅग तशी शिरत नाही, वॉकर तर नाहीच. सेडानची डिकी आत खोल असते पण तोंड अरुंद, वरून काच उतरत येते. पेटी मी आडवी घालून बघितली (खरी पेटी नाही, पेटीच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका केला होता, सव्वीस इंच बाय चौदा बाय बारा) तर गेली, पण तिच्यावर काही ठेवता येईना आणि वॉकर बंद करूनही झाकण लागेना.

सेडानचं अजून एक, जे गोव्यात राहणाऱ्यालाच कळतं. चवथ पावसातच येते. सेडानचं झाकण वर उघडलं की डिकी आभाळाला उघडी, सामान भरेपर्यंत आत पाणी. मागचं दार वर उचलणारी गाडी असेल तर तेच दार डोक्यावर छपरासारखं राहतं, माणूस आणि सामान दोन्ही कोरडं. शोरूममध्ये एसीत उभं राहून हे सुचत नाही, आम्ही जूनमध्ये भर पावसात गाड्या बघत होतो म्हणून सुचलं.

तरीही सेडान बाद झाली ती डिकीमुळे नाही, आईंमुळे. त्यांना बसवून बघितलं. खाली बसताना त्या हळूहळू नाही, एकदम धपकन गेल्या, आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागला. मग उंच एसयूव्हीत बसवून बघितलं, तिथे उलटं, आधी पाय उचलून चढायचं, आणि ऑपरेशन झालेला गुडघा तेवढा दुमडत नव्हता. ज्या गाड्या मधल्या उंचीच्या आहेत, सीटची कड उभ्या माणसाच्या मांडीला मागून जिथे टेकते तिथे, त्यात त्या पाठ फिरवून आधी बसल्या आणि मग दोन्ही पाय आत घेतले, कोणाच्या मदतीशिवाय. हे बघितल्यावर भावोजी काही बोलले नाहीत पण एसयूव्हीचा विषय त्यांनी परत काढला नाही.

म्हणजे उरल्या सात सीटर. इथे ताईने जे केलं ते मला फार आवडलं. घराच्या पोरचची लांबी टेपने मोजली, १५ फूट ८ इंच, म्हणजे ४ मीटर ७७ सेंटीमीटर. मग तिने पोरचच्या लादीवर रांगोळीने गाड्यांची मापं काढली, खरी मापं, एकात एक चौकोन. एर्टिगा ४३९५ मिलिमीटर लांब आणि १७३५ रुंद. किया करेन्स ४५४० आणि १८००. इनोव्हा क्रिस्टा, जी भावोजींच्या मित्राकडे सेकंडहँड मिळत होती आणि भावोजींचा जीव तिच्यावर होता, ती ४७३५ आणि १८३०. क्रिस्टाचा चौकोन काढला तेव्हा मागे दोन बोटं जागा उरली. गाडी आत जाईल, पण मग तिच्या मागून माणूस जाऊ शकत नाही. मग ताईने भाचीला चौकोनात स्टुलावर बसवलं, गाडीचं दार म्हणून एक फळी धरली आणि आईंना वॉकर घेऊन तिथून चालवलं. पोरचचा डावीकडचा खांब नेमका मागच्या दाराच्या समोर येत होता, दार अर्धंच उघडणार. म्हणजे गाडी कुठलीही असो, आईंना पोरचमध्ये बसवायचं नाही, अंगणात बसवायचं आणि मग अंगणात वरून पत्रा टाकायचा. तो पत्रा ताईने गाडीच्या आधी करून घेतला.

वाड्यातलं वळण पण मोजलं. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधे साडेआठ फूट. तिन्ही गाड्या जातात, क्रिस्टाला आरसे मिटून, आणि समोरून स्कूटर आली तर कोणीतरी मागे घ्यायचं.

रेनॉ ट्रायबर बघितली, कारण बजेट वाचत होतं आणि ती ४ मीटरच्या आत आहे. तिच्यात एक गोष्ट खरंच सुंदर आहे, तिसऱ्या रांगेच्या सीटा पूर्ण काढून घरी ठेवता येतात, मग ६२५ लिटर. ज्या घरात चार-पाच माणसं आणि भरपूर सामान आहे त्यांनी ती जरूर बघावी. पण सातही सीटा लावल्या की मागे ८४ लिटर, म्हणजे दोन शाळेची दप्तरं आणि एक पिशवी. आणि इंजिन ९९९ सीसीचं, ७२ पीएसचं. रोजच्या रस्त्याला भरपूर झालं, पण सहा माणसं आणि सामान घेऊन केरीहून चोर्ला चढायचं म्हटलं की मला ते जड वाटलं. भावोजी गाडी शांतपणे चालवतात, घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना उगाच अर्धवट अडकलेलं त्यांना नको होतं.

एर्टिगा आणि करेन्स यांत मात्र खरा पेच होता आणि त्यावर महिना गेला.

एर्टिगाचा दर कमी, देखभाल स्वस्त, गल्लोगल्ली मेकॅनिक, फोंड्यात निम्म्या टॅक्सी त्याच, म्हणजे पार्ट कुठेही मिळणार. रुंदी कमी म्हणून वाड्यात सोयीची. दुसरी रांग पुढे-मागे सरकते, ते आईंच्या पायांसाठी छान. सीएनजी पण आहे, आणि आमच्या शेजाऱ्यांनी तेच घ्या म्हणून सांगितलं. पण सीएनजीची टाकी ६० लिटरची, आणि ती बसते नेमकी डिकीत. सात सीटर, सीएनजी आणि सामान, या तिन्हीतलं एक सोडावं लागतं. टॅक्सीवाले तिसरी रांग पाडतात आणि वर बॅगा ठेवतात, एक-दोन पॅसेंजर असतील तर चालतं. सहा माणसांच्या घरात चालत नाही. मग टपावर कॅरिअर लावायचा, आणि आपल्या पावसात ताडपत्री कितीही बांधली तरी कपड्यांच्या बॅगेत ओल शिरतेच, शिवाय पेटी टपावर ठेवायची गोष्ट आबांसमोर काढायची कोणाची हिंमत नाही.

म्हणजे पेट्रोल. आता डिकीचे आकडे बघा, एर्टिगा २०९, करेन्स २१६. फरक नसल्यासारखा. दोन्हींत सातही सीटा उभ्या असतील तर मागे दोन मध्यम बॅगा उभ्या राहतात, बस्स. सात सीटर म्हणजे मोठी डिकी हा समज इथे संपतो. सात माणसं बसवणारी गाडी सात माणसं बसल्यावर लहान हॅचबॅकपेक्षा कमी सामान घेते.

पण ताईकडे माणसं सात नाहीत, सहा आहेत. आणि दोन्ही गाड्यांची तिसरी रांग मधोमध दुभंगते, अर्धी पाडता येते. पुढे दोघं, मधे तिघं, मागे एकटा भाचा उजवीकडे, आणि त्याच्या डावीकडची अर्धी सीट पाडून डिकी तिथपर्यंत आत वाढवायची. याचा लिटरमधला आकडा कुठेच छापलेला नसतो. म्हणून आम्ही एका शनिवारी सगळं सामान घेऊन शोरूमला गेलो. दोन मोठ्या ट्रॉली बॅगा, दोन कापडी बॅगा, वॉकर, पेटीचा खोका, एक रिकामं नारळाचं पोतं कागद भरून फुगवलेलं, आणि सहाही माणसं. पहिल्या शोरूममधल्या पोराला जरा नवल वाटलं, पण तो चांगला होता, बाहेर डेमो गाडी काढून दिली आणि स्वतः बॅगा उचलायला लागला. दुसरीकडे मात्र "सर, डेमो गाडीत सामान भरायला परमिशन नाही" असं उत्तर आलं, तिथे परत दोन दिवसांनी दुसऱ्या माणसाला भेटलो तेव्हा जमलं. तुम्हाला कोणी नाही म्हटलं तर तसंच करा, हट्ट सोडू नका, दहा-बारा लाखांच्या वर देताय.

दोन्हींत सामान बसलं. एर्टिगात वॉकर भाच्याच्या पायाशी तिरका ठेवावा लागला. करेन्समध्ये तो पाडलेल्या अर्ध्या सीटवर पेटीच्या शेजारी आडवा राहिला. फरक एवढाच, पण भाचा वर्षाला तीन इंच वाढतोय, त्याच्या पायाची जागा आत्ताच दिली तर पुढे काय. करेन्सची व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २७८०, एर्टिगाची २७४०, वाचताना ४० मिलिमीटर म्हणजे काहीच वाटत नाही, तिसऱ्या रांगेत बसल्यावर गुडघ्याला कळतं. आणि करेन्सची मधली डावी सीट बटण दाबलं की आपोआप दुमडून पुढे पडते, भाचा स्वतः आत-बाहेर करतो, आईंना उठवावं लागतं हे खरं, पण आधी भाचा आणि मग आई असा क्रम ठरवला की प्रश्न मिटतो.

इथे एक गोष्ट जवळजवळ चुकली असती. करेन्सचा सहा सीटरचा पण पर्याय आहे, मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या. भावोजी म्हणाले आपण सहा, गाडी सहाची, मधून चालत मागे जाता येतं, हीच घेऊ. दिसायला फार ऐटबाज. पण हिशोब करा. त्यात सहा माणसं बसली की मागच्या दोन्ही सीटा लागतात, म्हणजे तिसरी रांग अर्धीसुद्धा पाडता येत नाही आणि डिकी तेवढीच, २१६. सहा माणसांच्या घराला सामानासाठी सात सीटर बरी, कारण सातवी सीटच डिकी होते. मधल्या जागेवर ताई बसते, ती जागा अरुंद आहे, लांबच्या प्रवासात तिला त्रास होतो हे मी लपवत नाही. उसगावला थांबून ती आणि आबा जागा बदलतात.

हे सगळं चालू असतानाच जुलै २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचा (गाड्या आपटवून सुरक्षा तपासणारी संस्था) एर्टिगाचा निकाल आला, आफ्रिकेच्या बाजारासाठीच्या टेस्टमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेला १ स्टार. करेन्सला त्याच वर्षी एप्रिलमध्ये ३ स्टार मिळाले होते. ३ म्हणजे फार भारी नाही, मी ताईला तसंच सांगितलं. पण करेन्सला तेव्हा सगळ्याच व्हेरियंटना सहा एअरबॅग होत्या, एर्टिगाला खालच्या व्हेरियंटना दोन आणि वरच्याला चार. ताईने एकच वाक्य विचारलं, "बाजूने ठोकलं तर मागे काय आहे?" आणि पडदा एअरबॅगचं (खिडक्यांवरून पडद्यासारखी खाली उघडते ती) ऐकल्यावर तिचं ठरलं. पैशात फरक पडला, रस्त्यावर येईपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास जास्त, तो भावोजींनी जुनी गाडी एक्स्चेंजला न देता ओळखीतल्या माणसाला विकून थोडा भरून काढला.

करेन्स, पेट्रोल, मॅन्युअल, सात सीटर. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गाडी आली. शांतादुर्गेच्या देवळात पूजा, नारळ, आणि ७ सप्टेंबरला चवथ.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो होतो सामान भरायला. जड ते खाली आणि सीटच्या पाठीला चिकटून, म्हणजे नारळाचं पोतं आणि मोठ्या बॅगा. ब्रेक मारला तर जड वस्तू पुढे येते, मधे जागा सोडली तर ती वेग घेऊन येते. सीटच्या पाठीच्या उंचीच्या वर काही रचायचं नाही, कारण भाच्याचं डोकं तिथेच. पाडलेल्या अर्ध्या सीटवर पेटी, बेल्टने बांधलेली, तिच्या कडेने वॉकर. माटोळीचं सामान, केळीचा घड, तोरिंगं, सुपारीचे शिपटे, आंबाडे, हे मऊ आणि ओलं असतं, ते टबमध्ये घालून सगळ्यात शेवटी दाराशी. टायरची हवा भरताना दाराच्या खांबावरचा स्टिकर बघितला, तिथे भरलेल्या गाडीचा आकडा लिहिलेला असतो, तो पाळला. पहिल्यांदाच सगळे एका फेरीत वाळपईला पोचले. आबा उतरल्यावर आधी मागे गेले, पेटी काढली, तिथेच ओट्यावर भाता हलवून दोन सूर लावून बघितले आणि मगच पाणी प्यायले.

सगळं सुरळीतच झालं असं नाही. चोर्ल्याच्या पहिल्या फेरीत भाच्याला मागे मळमळलं. तिसरी रांग मागच्या चाकांवर असते, वळणाला तिथे जास्त हेलकावा बसतो. आता घाटात ताई मागे आणि भाचा मधे. दुसरं म्हणजे दिवाडीची फेरीबोट. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर ओहोटीला रॅम्पचा उतार तिखट होतो, आणि सहा माणसं, सामान असलेली गाडी चढताना मागचा बंपर खालून घासला. रंग गेला नाही, पण आवाज असा आला की भावोजी पांढरे पडले. आता फेरीला आईंशिवाय सगळे आधी उतरतात, गाडी दोन बोटं वर येते, जाते. आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली आहे. चांगली गोष्ट ही की पंक्चर झालं तर डिकी रिकामी करावी लागत नाही, पण पावसाळाभर तिच्यावर लाल चिखल बसतो. दसऱ्याला गाडी धुताना ती खाली उतरवून धुवायची आणि हवा बघायची असं ठरवलंय.

मायलेज भावोजींच्या वहीप्रमाणे फोंडा-पणजी रोजच्या धावण्यात साडेबारा-तेरा, जुन्या हॅचबॅकपेक्षा बरंच कमी. ज्याचं रोजचं धावणं खूप आहे आणि घरात माणसं पाच, त्याने या मापाची गाडी घेऊ नये असंच मी सांगेन.

तुम्ही आत्ता निवडत असाल तर दोन-तीन गोष्टी २०२५ मध्ये बदलल्यात. एर्टिगाला सगळ्या व्हेरियंटना सहा एअरबॅग आल्या, त्यामुळे ताईचा तो प्रश्न आता तसाच राहत नाही. करेन्सचंच क्लॅव्हिस नावाचं नवीन रूप आलं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के, मोठ्या गाड्यांना ४० टक्के पण वरचा सेस गेला. म्हणजे ट्रायबर आणि या दोघींमधलं दराचं अंतर वाढलं. ताईने आज निवडली असती तर हिशोब परत मांडावा लागला असता, पण रांगोळीचे चौकोन आणि बॅगा घेऊन शोरूमला जाणं हे मी आजही तसंच केलं असतं.

मोपाला भावोजींचे भाऊ उतरले तेव्हा मी सोबत होतो. तिसरी रांग पूर्ण पाडलेली, दोन सूटकेस आडव्या, त्यावर हँडबॅग, वर अजून जागा. त्यांनी विचारलं कोपऱ्यात ही जुनी चादर कशाला घडी करून ठेवलीय. ती आबांनी ठेवलीय. पेटी खालून घासू नये म्हणून, आणि ती तिथून हलवायची नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.